चवथ कोणाच्या घरची?

देवळात अभिषेकाचा संकल्प सोडताना भटजी गोत्र विचारतात. बहुतेकांच्या ओठांवर ते असतेच. कोणी अडखळला तर ‘काश्यप म्हणा’ असे सांगून भटजी पुढचा मंत्र सुरू करतात. ही रूढी मला नेहमीच मोठी सुसंस्कृत वाटत आली आहे. ज्याला बापाचे गोत्र सांगता येत नाही त्यालाही देवापुढून उठवावयाचे नाही, एवढा विवेक तीत आहे.

न्यायालयात असा काश्यप कामास येत नाही. तेथे बापाचे नाव, वय, धंदा, राहण्याचे ठिकाण, सारे लिहून द्यावे लागते; आणि ज्या मुलाचे आईबाप विवाहबद्धच नाहीत, त्याच्या बाबतीत या प्रत्येक रकान्यापाशी लेखणी थबकते.

आमच्या उत्तर कन्नड जिल्ह्यातील जोयडा तालुका हा घाटमाथ्यावरचा, रानात विखुरलेल्या वाड्यांचा मुलूख. याला पूर्वी सुपे तालुका म्हणत. काळी नदीवर धरण झाले, सुपे गाव पाण्याखाली गेले, तालुक्याचे ठाणे जोयड्यास आले आणि सुप्याची पुष्कळ माणसे रामनगरास जाऊन वसली. उरलेल्या रानाचा मोठा भाग आज काळी व्याघ्र प्रकल्पात आहे. शेती थोडी, रोजगार त्याहून थोडा. म्हणून तरुण मुलेमुली घाट उतरून गोव्यात कामाला जातात. तेथे खोलीचे भाडे दोघांत वाटले जाते, मग स्वयंपाक एकत्र होतो, आणि काही जणांचा संसार अक्षता पडण्यापूर्वीच उभा राहतो. जात आडवी येते, घरच्यांचे भय असते, पैसा नसतो; लग्न ‘पुढच्या वर्षी’वर जाते. मूल मात्र पुढच्या वर्षाची वाट पाहात नाही.

असाच एक तंटा काही काळापूर्वी मजकडे आला. नावे सांगत नाही, आणि ओळख पटेल असे तपशील मुद्दाम वगळले आहेत. जोडपे दुभंगले होते. आई मुलाला घेऊन जोयडा तालुक्यातील आपल्या माहेरी परतली होती. मुलगा सात वर्षांचा. बाप गोव्यातच नोकरीला. एवढी वर्षे त्याने फारशी विचारपूस केली नव्हती, आणि एकाएकी चवथीला मुलाला आपल्या घरी नेण्याचा हट्ट धरून तो दारात उभा राहिला. मुलाच्या आजीचे बोल मला जसेच्या तसे आठवतात : ‘‘जल्मलो तेन्ना तोंड पळोवंक आयलो ना, आतां चवथीक व्हरूंक आयला!’’ आई माझी पक्षकार होती, तरी आजीच्या या वाक्याहून अधिक परिणामकारक कैफियत मला लिहिता आली नसती.

कायदा काय म्हणतो? १९५६ च्या हिंदू अज्ञानत्व व पालकत्व कायद्याचे सहावे कलम वाचून पाहावे. त्यात एक चमत्कारिक गोष्ट दिसते. विवाहसंबंधातून झालेल्या मुलाचा नैसर्गिक पालक प्रथम बाप, आणि ‘त्याच्यानंतर’ आई. पाच वर्षांखालील मूल सामान्यतः आईपाशी राहावे, एवढीच काय ती पुस्ती. विवाहाबाहेर झालेल्या मुलाच्या बाबतीत मात्र क्रम उलटा : प्रथम आई, तिच्यानंतर बाप. म्हणजे गळ्यात मंगळसूत्र असलेल्या आईला जे दिले नाही ते कायद्याने नसलेलीला देऊन टाकले! हे औदार्य स्त्रीविषयीच्या आदरातून आले असे मला वाटत नाही. अशा मुलाचा बाप कधी पुढे येणारच नाही, हे कायदा करणाऱ्यांनी गृहीत धरले असावे. ज्या मालावर कोणी हक्क सांगत नाही तो ज्याच्या हाती असेल त्याचा, असा काहीसा तो व्यवहार. विवाहित आईची बाजू सर्वोच्च न्यायालयाने १९९९ साली गीता हरिहरन यांच्या खटल्यात सावरून घेतली. मुलाच्या नावाचे रोखे घेताना बापाचीच सही हवी असा रिझर्व्ह बँकेचा आग्रह होता, आणि ‘त्याच्यानंतर’ याचा अर्थ त्याच्या मृत्यूनंतर असा न घेता त्याच्या अभावी असा घ्यावा, असे न्यायालयाने ठरविले. २०१५ च्या जुलैत दिल्लीच्या एका अविवाहित ख्रिस्ती मातेचे प्रकरण त्याच न्यायालयापुढे आले. बापाचे नाव सांगण्यास तिने नकार दिला म्हणून खालच्या न्यायालयांनी तिचा पालकत्वाचा अर्ज फेटाळला होता. तो पुन्हा विचारात घ्यावयास लावून, बापाला नोटीस न देताही अशा मातेचे पालकत्व मान्य होऊ शकते, असे सर्वोच्च न्यायालयाने सांगितले. आणि तिने केवळ प्रतिज्ञापत्र दिले की मुलाचा जन्मदाखला द्यावा, असा हुकूमही केला.

हे सारे आमच्या परिसराला नवे नाही. आपल्या देवस्थानांशी निगडित असलेल्या कलावंतिणींच्या मुलांचा प्रश्न याहून निराळा कोणता होता? घर आईचे, मूल आईचे, आणि बाप यजमान म्हणून गावात उजळ माथ्याने वावरणारा. मास्टर दीनानाथ १९०० साली मंगेशीत जन्मले. आई येसूबाई देवळाच्या सेवेतील कलावंत घराण्यातल्या. वडील गणेशभट त्याच देवळाच्या पूजाऱ्यांपैकी. दीनानाथांनी आडनाव लावले ते बापाचे नव्हे, गावाचे. आणि ते त्यांनी व त्यांच्या मुलांनी कुठच्या कुठे नेले हे सांगावयास नको. पण प्रत्येक अशा मुलाला दीनानाथांचा गळा लाभत नाही. त्याच समाजातील राजाराम पैंगीणकर यांनी आपल्या आत्मचरित्राला ‘मी कोण?’ असे नाव दिले. काणकोणातले पैंगीण येथून काही फार दूर नाही. मुंबई सरकारने १९३४ साली देवदासी संरक्षक कायदा केला, देवदासीचा विवाह कायदेशीर ठरविला आणि त्या विवाहाच्या संततीवरचा अनौरसपणाचा शिक्का पुसला. आपला कानडा जिल्हा त्या वेळी मुंबई इलाख्यातच होता. परंतु ज्यांच्या आईबापांचा विवाह कधी झालाच नाही त्या मुलांना त्या कायद्याने काय मिळाले? देवळाच्या महाजनांच्या यादीत कोणाचे नाव घालावे व कोणाचे घालू नये यावर आपल्या वडीलधाऱ्यांनी जेवढा काळ वाद घातला, त्याच्या शतांश वेळही त्या मुलांच्या बापांना जाब विचारण्यात घालविला नाही, असे माझे स्पष्ट मत आहे. वाचकांस ते कडू लागले तर माझा नाइलाज आहे.

तथापि बाप म्हणजे दर वेळी पळपुटाच, असे समजणेही अन्यायाचे. अमेरिकेत इलिनॉय राज्यातील पीटर स्टॅन्ली नावाचा मनुष्य एका स्त्रीबरोबर अधूनमधून अठरा वर्षे राहिला. तीन मुले झाली, लग्न झाले नाही. ती वारली तेव्हा राज्याने, तो नालायक आहे असे कोठेही सिद्ध न करता, मुले त्याच्यापासून काढून घेतली. अविवाहित बाप म्हणजे बापच नव्हे, असा तेथला कायदा होता. १९७२ साली तेथील सर्वोच्च न्यायालयाने तो मोडून काढला. इंग्लंडात डिसेंबर २००३ पासून, ज्या अविवाहित बापाचे नाव आईच्या बरोबरीने जन्मनोंदीत लागते, त्याला त्या नोंदीबरोबरच पित्याची जबाबदारी व अधिकार मिळतात. यातली खोच मला पटते. आधी चारचौघांत नाव द्या, मग मुलाला भेटा.

मी त्या तरुणाला हेच विचारले. ‘‘मी पोराचा बाप आहे,’’ तो म्हणाला. म्हटले, कोठे लिहिले आहे? जन्मनोंदीत तो रकाना कोरा होता. लिहून द्यावयास तयार आहेस का? तेव्हा तो गप्प झाला. त्याच्यासाठी घरी स्थळे पाहणे चालले होते. मुलगा त्याला हवा होता, हे मला त्याच्या डोळ्यांत दिसत होते. परंतु कोणाला न कळता हवा होता. चवथीला नेऊन ‘मित्राचा मुलगा’ म्हणून तो त्याला मखरापुढे बसविणार होता की काय, कोण जाणे.

इकडे आईचे भय नेमके उलट. त्याचे नाव एकदा कागदावर चढले की तो मुलगाच उचलून नेईल, असे तिला वाटे. तिला समजावण्यात माझे दोन दिवस गेले. नाव लागल्याने क्रम बदलत नाही. लग्नच नाही, तेव्हा सहाव्या कलमाप्रमाणे पहिली पालक तीच राहते. उलट नाव लागले म्हणजे पोटगी नाकारण्याची त्याची वाट बंद होते. अनौरस मुलालाही बापाकडून पोटगी मिळते, ही तरतूद १८९८ च्या जुन्या फौजदारी प्रक्रिया संहितेतही होती, नंतर १९७३ च्या संहितेत १२५ व्या कलमात आली, आणि १ जुलै २०२४ पासून अमलात आलेल्या नव्या नागरिक सुरक्षा संहितेत १४४ व्या कलमात आहे. सरकारे बदलली, कलमांचे आकडे बदलले, मुलाची भाकरी मात्र कायद्याने सोडली नाही.

अखेर तो आपल्या मामाला घेऊन आला आणि प्रतिज्ञापत्रावर सही करून गेला. स्थळाचे काय झाले ते मी विचारले नाही.

मग भेटीचे वेळापत्रक. विधी आयोगाने मे २०१५ मध्ये दिलेल्या २५७ व्या अहवालात, आईबाप वेगळे झाले तरी मुलाचा वेळ दोघांत कसा वाटावा याविषयी सविस्तर सूचना आहेत, वाचनीय आहेत. पण त्या वाचताना डोळ्यांपुढे शहर उभे राहते. २०२० सालच्या एका निवाड्यात सर्वोच्च न्यायालयाने, दूर असलेल्या बापाला किंवा आईला दूरध्वनीवरून, चित्रसंभाषणाने मुलाशी बोलता यावे असे म्हटले आहे. या वाडीत बोलावयाचे तर शाळेमागची टेकडी चढावी लागते. तेथे रेंज येते, तीही पाऊस नसला तर. तेव्हा आम्ही आमचे आम्ही लिहीत गेलो. महिन्याचे दोन रविवार. भेट बसस्टँडवर नको, आजीच्या ओसरीवरही नको (आजी हातात केरसुणी घेऊन बसेल, असे आईच म्हणाली). गावच्या देवळाच्या आवारात. अनमोड किंवा अणशी घाटात दरड कोसळून गाडी बंद पडली तर तो रविवार बुडाला असे न धरता पुढच्या रविवारी भरून द्यावा. पोटगी बँकेत, महिन्याच्या दहा तारखेच्या आत. उन्हाळ्याच्या सुटीतले आठ दिवस दुसऱ्या वर्षापासून, पहिले वर्ष नीट पार पडल्यास. मूल ज्या जागी नेहमी राहते तेथल्या जिल्हा न्यायालयाकडे १८९० च्या पालक व पाल्य कायद्याप्रमाणे जावे लागते. म्हणून हा मसुदा कारवारला जावयाचा. आईबापांची तडजोड न्यायाधीशाला बांधून ठेवीत नाही. मुलाचे हित कशात आहे हे तो स्वतः पाहतो, समज आलेल्या मुलाला विचारू शकतो, आणि परिस्थिती पालटली तर हुकूमही पालटतो. दिवाणी कायद्यात ‘एकदा ठरले ते ठरले’ हा नियम मोठा. मुलाच्या ताब्यापुढे तो मान झुकवितो.

पहिल्या रविवारी मी मुद्दाम गेलो होतो. मुलगा घरच्या परसातले दोन मोठे कंद पिशवीत घालून घेऊन आला होता. त्या गृहस्थाने ते हातात घेतले आणि कसे शिजवावयाचे ते मुलाला विचारले. मुलगा पुष्कळ वेळ सांगत होता.

एक कलम तेवढे राहिले, चवथीचे. दिवाळीचे दिवस वाटता येतात, सुटी वाटता येते. पण दोन्ही घरी गणपती दीड दिवसाचा. दीड दिवसाचे दोन भाग कसे करावे? प्राणप्रतिष्ठा एका घरी आणि विसर्जन दुसऱ्या घरी, असे मी सुचविले, तर मधल्या घाटातच गणपती बोळवावा लागेल असे मामा म्हणाले, आणि पावसाचे दिवस लक्षात घेता त्यांचे चुकले नव्हते. एक वर्ष इकडे, एक वर्ष तिकडे, हे बापाला मान्य आहे. आई म्हणते, पहिली तीन वर्षे इकडेच. मसुद्यात ती ओळ अजून कोरी आहे, आणि पुढली तारीख श्रावणात आहे.