विवादी स्वर

निराश होण्याचा अधिकार सर्वांनाच नसतो. ज्याने कधी काही अपेक्षिलेच नाही त्याला फार तर कंटाळा येतो. निराशा ही दीर्घ सहवासाची मिळकत आहे, आणि ती पदरात पडण्यापूर्वी माणसाला आपल्या आयुष्याची बरीच वर्षे एखाद्या गायकापाशी, ग्रंथकारापाशी किंवा वादकमंडळींपाशी गहाण ठेवावी लागतात. पिंक फ्लॉइड या इंग्रज रॉक बँडचा ‘द एंडलेस रिव्हर’ हा अल्बम, ‘द डिव्हिजन बेल’नंतर वीस वर्षांचा खंड पडून, नोव्हेंबर २०१४ मध्ये प्रसिद्ध झाला, तेव्हा हा अधिकार जगभर ज्या असंख्य लोकांना एकाच आठवड्यात प्राप्त झाला त्यांतला मी एक.

ऐंशीच्या दशकात महाराष्ट्रातल्या मध्यमवर्गीय घरात वाढणाऱ्या मुलाकडे हे संगीत सरळ मार्गाने येत नसे. कोणाच्या तरी परदेशस्थ भावाने पाठवलेल्या कॅसेटवरून दुसरीवर, दुसरीवरून तिसरीवर असे उतरत, आणि प्रत्येक प्रतीबरोबर थोडी अधिक खरखर अंगाला लावून घेत, ते पुण्यातील आमच्या वसतिगृहाच्या खोलीपर्यंत पोहोचे. गीतांचा छापील कागद सोबत नसल्यामुळे शब्द कानाने पकडून वहीत उतरवावे लागत, आणि एखादी ओळ निसटली तर तिच्यावर मध्यरात्रीपर्यंत खल चाले. इतक्या सायासाने हाती आलेल्या वस्तूविषयी मनात आपोआप मालकी उत्पन्न होते. लंडनच्या चार गृहस्थांनी निर्माण केलेले हे संगीत आपल्याच जुन्या वहिवाटीचे आहे, असा आमचा ठाम समज होता आणि तो खोडून काढायला तिथून कोणी येणार नव्हते.

‘विश यू वेअर हिअर’ या १९७५ च्या अल्बमची अशीच एक कॅसेट मी सुटीत घरी नेली आणि ती मामांच्या कानी पडली. मामा पेटी वाजवीत, त्यांची निष्ठा किराणा घराण्याच्या चरणी वाहिलेली, आणि आमच्या साऱ्या संगीताला त्यांनी ‘विलायती धांगडधिंगा’ हे नाव एकदाच देऊन तो विषय दप्तरी दाखल केला होता. परंतु मानसिक व्याधीमुळे बँडपासून दुरावलेल्या सिड बॅरेट या मूळ म्होरक्याला उद्देशून रचलेल्या त्या दीर्घ रचनेत गायकाचा पहिला शब्द उमटेपर्यंत आठ मिनिटांहून अधिक काळ नुसती वाद्येच बोलत राहतात, हे पाहून ते जरा सावरून बसले. “घाई नाही रे यांना,” ते म्हणाले. पुढे डेव्हिड गिलमोरच्या गिटारवर ते प्रसिद्ध चार स्वर एकामागून एक झंकारले, तेव्हा त्यांनी हात वर केला. “थांब. पुन्हा लाव बघू. तो चौथा स्वर त्या घरचा नाही. पण कानात राहतो तो तेवढाच.”

मग त्यांनी मला विवादी स्वराची गोष्ट सांगितली. वादी हा रागाचा राजा, संवादी त्याचा प्रधान, आणि विवादी हा शत्रू, असे शास्त्र सांगते. तरीही ज्याच्या हाती खरी कला आहे असा गवई त्या शत्रूला एखाद्या क्षणी दरबारात येऊ देतो, आणि केदारात कोमल निषादाचा ओझरता स्पर्श झाला की सारी मैफल दाद देते. बिहागातला तीव्र मध्यम तर एके काळी असाच परका मानला जाई. तो इतका रुळला की आज त्याच्यावाचून बिहागाचे रूप डोळ्यांपुढे उभे राहत नाही. मामांनी पुढे त्या बँडचे काही ऐकले नाही, परंतु तो बँड समजून घेण्याची किल्ली मात्र त्या दुपारी त्यांनी माझ्या हाती दिली.

कारण पिंक फ्लॉइडचे सारे वैभव कलहातून उभे राहिले आहे. रॉजर वॉटर्स हा शब्दांचा, आराखड्याचा आणि कडवटपणाचा धनी, गिलमोर स्वरमाधुर्याचा, रिचर्ड राइट आपल्या कीबोर्डमागे बसून दोघांच्या मधली पोकळी मंद प्रकाशाने भरणारा, आणि निक मेसन ताल सांभाळता सांभाळता सर्वांचे ऐकून घेणारा. ‘द डार्क साइड ऑफ द मून’ या १९७३ च्या अल्बमचे अंतिम मिश्रण करताना एकाला नाद कोरडा व स्वच्छ हवा होता, तर दुसऱ्याला प्रतिध्वनींनी ओलावलेला. अखेरीस लवाद म्हणून ख्रिस थॉमस या बाहेरच्या माणसाला पाचारण करावे लागले. ‘विश यू वेअर हिअर’च्या वेळी तयार असलेल्या तीन दीर्घ रचना तशाच मुद्रित कराव्यात असे गिलमोरचे मत, तर बॅरेटविषयीची रचना मधोमध दुभंगून तिच्या पोटात नवी गाणी बसवावीत असा वॉटर्सचा हट्ट, बहुमत गिलमोरच्या विरुद्ध गेले, आणि बाजूला सारलेल्या त्या दोन रचना पुढे १९७७ साली ‘अॅनिमल्स’मध्ये ‘शीप’ आणि ‘डॉग्ज’ होऊन प्रकटल्या. एका भांडणातून दोन ध्वनिमुद्रिका निघाल्या, आणि दोन्ही टिकल्या. ‘द वॉल’मधील ‘कम्फर्टेबली नम्ब’चीही कथा तशीच: एका पक्षाला वाद्यवृंदाची भरजरी आवृत्ती प्रिय, दुसऱ्याला उघडीवाघडी आणि कठोर, शेवटी दोन्ही आवृत्त्यांचे तुकडे जोडून जे गाणे सिद्ध झाले, ते कोणत्याही एका पक्षाला एकट्याने साधले नसते.

हा कलह नेहमीच उदात्त होता असे मात्र कोणी समजू नये. ‘द वॉल’च्या काळात राइटला हिस्सेदारीतून काढून टाकण्यात आले आणि नंतरच्या प्रयोगांत तो पगारी वादक म्हणून उभा राहिला, गंमत अशी की त्या अवाढव्य खर्चाच्या प्रयोगांचा तोटा मालक म्हणवणाऱ्या तिघांच्या माथी बसला आणि चार पैसे गाठीला बांधून घरी गेला तो एकटा राइट. १९८३ च्या ‘द फायनल कट’मध्ये वॉटर्सला विरोध करणारे जवळजवळ कोणी उरलेच नाही. युद्धात मारल्या गेलेल्या पित्याचे दुःख आणि राज्यकर्त्यांवरचा संताप त्यात ओतप्रोत भरला आहे, शब्द धारदार आहेत. पण ती ध्वनिमुद्रिका ऐकताना एकतर्फी हुकूमनामा वाचल्यासारखे वाटते, कारण प्रतिवादीची कैफियत तिथे नोंदलेलीच नाही. पुढे वॉटर्स बाहेर पडला, बँडच्या नावावरून दावेफिर्यादी झाल्या, आणि १९८७ च्या नाताळाच्या सुमारास त्यांचा निकाल लागला तो टेम्स नदीत नांगरलेल्या ‘अॅस्टोरिया’ या गिलमोरच्या घरबोटीवर झालेल्या तहनाम्याने.

त्याच बोटीवर, १९९३-९४ साली, गिलमोर, मेसन आणि परत आलेला राइट यांनी मोकळ्या मनाने केलेल्या वादनाचे कित्येक तास ‘द डिव्हिजन बेल’साठी मुद्रित झाले, आणि त्यांतला न वापरलेला भाग वीस वर्षे पडून राहिला. सप्टेंबर २००८ मध्ये राइट वारला. त्या शिलकेतून, नवे वादन जोडून आणि जुने झाडूनपुसून, ‘द एंडलेस रिव्हर’ सिद्ध झाला: चार बाजूंत वाटलेले अठरा तुकडे, त्यांपैकी शब्दांचे गाणे एकच, तेही शेवटी, आणि मुखपृष्ठावर ढगांच्या समुद्रातून नाव वल्हवीत सूर्याकडे निघालेला एकाकी पुरुष.

शिल्लक मालावरून काम उभारले, हा माझा आक्षेप नाही. या मंडळींनी टाकाऊतून सोने केल्याचे दाखले त्यांच्याच इतिहासात आहेत: ‘अस अँड देम’ची पियानोवरची धून राइटने अंतोनिओनीच्या ‘झाब्रिस्की पॉइंट’ या चित्रपटासाठी रचली होती, दिग्दर्शकाने ती नाकारली, आणि काही वर्षांनी तिलाच ‘डार्क साइड’वर मानाचे स्थान मिळाले, घरातल्या वस्तू वाजवून अल्बम करण्याचा एक विचित्र प्रकल्प त्यांनी सोडून दिला, पण त्यातल्या काचेच्या पेल्यांचा नाद बॅरेटविषयीच्या रचनेच्या प्रारंभी आजही ऐकू येतो. परंतु नाकारलेल्या त्या धुनेवर वॉटर्सने युद्धाचे आणि माणसामाणसांतील भेदाचे शब्द आणून ठेवले, गिलमोरने ते जवळजवळ कुजबुजत गायले, आणि राइटच्या कोवळ्या स्वरांना प्रथमच एक असा विषय मिळाला जो त्यांच्या कोवळेपणाला छेद देत होता. शिलकेला त्या वेळी प्रतिपक्ष भेटला.

‘द एंडलेस रिव्हर’मध्ये नेमका तोच भेटत नाही. पहिल्या बाजूवरील एक तुकडा ऐकताना बॅरेटविषयीच्या रचनेचा भास इतका प्रबळ होतो की जुना श्रोता नकळत त्या चौथ्या, परक्या स्वराची वाट पाहू लागतो. तो येत नाही, आणि तुकडा आपल्या सुखद वाटेने विरून जातो. तिसऱ्या बाजूवर १९६९ साली लंडनच्या रॉयल अल्बर्ट हॉलमधील भव्य ऑर्गनवर राइटने वाजवलेले काही क्षण आहेत, आणि ते ऐकताना माझेही मन भरून आले, हे सांगितले नाही तर मी अन्यायी ठरेन. पण त्या भरून येण्यातच या अल्बमचे दौर्बल्य दडलेले आहे. मृताशी भांडता येत नाही. तो वाजवून गेला ते मान खाली घालून स्वीकारावे, त्याच्या भोवती हळुवारपणे आपली गिटार गुंफावी, आणि हे लांबते आहे, हे पूर्वी झाले आहे, यात अजून काही म्हणायचे राहिले आहे असे कोणीही म्हणू नये, हा शोकाचा धर्म झाला. घरात तो शोभतो. कलेच्या कारखान्यात मात्र त्याने कामच थांबते.

दैवाचा विनोद असा की या अल्बममध्ये शब्दांचे जे एकमेव गाणे आहे, गिलमोरची पत्नी व कादंबरीकार पॉली सॅमसन हिने लिहिलेले, त्याचा विषय हा बँडमधला तंटाच आहे: ही माणसे एकमेकांशी वाद घालतात, टोचून बोलतात, पण एकत्र वाजवू लागली की त्यांचे वाजवणे शब्दांहून मोठ्याने बोलते, अशा आशयाचे. जी गोष्ट पूर्वी प्रत्येक मात्रेत घडत असे, तिचे येथे स्मरण केले आहे. जुन्या सरदाराने तलवार खुंटीला लावून लढाईची बखर सांगायला बसावे, तसे ते गाणे वाटते. बखर खोटी नाही, सांगणाराचा आवाजही खणखणीत आहे, फक्त समोर कोणी शत्रू नाही.

इंग्लंडमध्ये तो अल्बम विक्रीत पहिल्या क्रमांकावर गेला, आणि ज्यांना त्यात शांती लाभली त्यांच्याशी मी वाद घालणार नाही. रात्रीच्या प्रवासाला किंवा आजाऱ्याच्या उशाशी याहून चांगली सोबत मिळणे कठीण. माझा पुतण्या, ज्याला पिंक फ्लॉइडच्या सर्व ध्वनिमुद्रिका एकाच दिवशी आणि अगदी विनासायास प्राप्त झाल्या, त्याने मला एकदा सरळच विचारले, “काका, एवढा आवडत नाही तर पुन्हा पुन्हा ऐकता कशाला?” त्याचा प्रश्न रास्त होता, आणि त्याचे उत्तर मला मामांच्या शिकवणीत सापडले. ज्या बैठकीत विवादी स्वर लावणारा कोणी राहिला नाही, तिथे ते काम ऐकणाऱ्याकडे येते. हा अल्बम सिद्ध होताना वॉटर्स नव्हता. राइट होता तो केवळ फितीवर. उरलेल्या दोघा वृद्ध मित्रांनी एकमेकांना आणि तिसऱ्याच्या स्मृतीला काही म्हणून दुखवायचे नाही असे ठरवले होते, आणि माणूस म्हणून त्यांचे ते वर्तन मला वंद्यच वाटते. पण ‘हे पुरेसे नाही’ हे एक वाक्य त्या सबंध कामात कोणीतरी उच्चारायला हवे होते.

ते मी उच्चारतो. ध्वनिमुद्रिका मी विकली नाही, कोणाला देऊनही टाकली नाही. अधूनमधून ती लावतो, आणि प्रत्येक वेळी तिच्याशी भांडतो, इथे शब्द हवे होते, इथे तुटायला हवे होते, इथे कोणीतरी आडवे यायला हवे होते, असे तिला सुनावीत. ज्या मंडळींनी आपापसांत भांडून माझे कान घडवले, त्यांच्या वाट्याला माझ्याकडून नुसता आदर यावा, हे मला त्यांच्या लायकीचे वाटत नाही.