पिग्मीवाल्या काकांचं देणं

पुण्यात मी एका बँकेच्या डिजिटल विभागात व्हिडिओ केवायसीचं, म्हणजे व्हिडिओ कॉलवर ग्राहकाची ओळख पटवायचं, काम करतो. गावी गेलो की हे काम काय असतं ते समजावून सांगावं लागतं, कारण बदनापुरात बँक म्हटलं की काउंटर, रांग आणि पासबुक छापायचं यंत्र डोळ्यांपुढे येतं. आमच्याकडे यातलं काहीच नाही. एका मजल्यावर आम्ही ओळीनं बसतो, कानाला हेडफोन, समोर पडदा आणि पडद्यावर कुठल्या तरी गावातला एक माणूस. कोणी शेताच्या बांधावर उभा असतो, कोणी एसटी स्टँडवर, कोणी चुलीजवळ. मराठी बोलणारे ग्राहक माझ्या वाट्याला येतात. काही मिनिटं बोलणं होतं, त्याचं खातं उघडतं, आणि पुन्हा आमची गाठ पडत नाही. त्या काही मिनिटांत समोरच्या माणसाकडे कसं बघायचं, हे मला ज्यांनी शिकवलं ते काका कधी संगणकासमोर बसले नाहीत. ते बदनापुरात पिग्मी, म्हणजे लोकांची रोजची छोटी बचत, गोळा करायचे.

बदनापूर जालना आणि छत्रपती संभाजीनगर यांच्यामधलं तालुक्याचं गाव. शेतीतल्या माणसाला ते तुरीमुळे माहीत असतं. इथल्या कृषी संशोधन केंद्रातून निघालेल्या वाणांच्या नावातच गाव आहे, बीडीएन ७११, बीडीएन ७१६. हमरस्त्याला लागून माझ्या वडिलांचं पंक्चरचं दुकान होतं. दिवसभरात हातात येणारा पैसा सुट्टा आणि तेलकट, आणि संध्याकाळपर्यंत तो कुठं गेला ते कळायचं नाही. म्हणून आईच्या नावानं एका पतसंस्थेत रोज वीस रुपयांची पिग्मी सुरू झाली.

दिवे लागायच्या वेळेला काका यायचे. खांद्याला रेक्झिनची पिशवी, सुरुवातीला हातात कार्बन लावलेलं पावतीपुस्तक, नंतर पावती छापणारं छोटं यंत्र. स्टेशनाच्या रस्त्यानं सुरू करून बसस्टँड, हॉटेलं, खताची दुकानं, सलून, शेवटी आमचं दुकान. ही पद्धत आपल्याकडे इतकी मुरली आहे की ती जणू इथलीच वाटते, पण तिचा उगम उडुपीचा. १९२५ साली तिथं सुरू झालेल्या आणि पुढं सिंडिकेट बँक म्हणून नावारूपाला आलेल्या बँकेनं १९२८ मध्ये दारोदार जाऊन रोज दोन आण्यांपासून ठेव घ्यायला सुरुवात केली. गरिबाला बँकेपर्यंत यायला वेळ नाही, तर बँकेनं त्याच्यापर्यंत जावं, असा तो विचार. आज आम्ही मोबाइलवरच्या बँकेबद्दल नेमकं हेच सांगतो. पण त्या विचारात रोज दारी येणारा एक ओळखीचा माणूसही होता.

काकांची एक सवय माझ्या मनावर कोरली गेली. खातं आईचं, पण पैसे वडील काढून द्यायचे आणि उत्तरंही तेच द्यायचे. काका वडिलांकडून पैसे घेत आणि पावती मात्र आईच्याच हातात देत. "वहिनी, किती झाले आजपर्यंत, सांगा बरं." आई लाजायची, वडील पटकन आकडा सांगायचे, आणि काका शांतपणे म्हणायचे, "दादा, खातं वहिनीचं हाय. वहिनीला बोलू द्या." आईला तेव्हा अक्षरओळख नव्हती. काकांनी तिला पावतीवरचे आकडे ओळखायला शिकवलं, रोज एकेक, दुकानाच्या पायरीवर उभ्या उभ्या. काही महिन्यांनी ती स्वतः जमा रक्कम वाचून दाखवू लागली. त्यासाठी काकांना कोणी कमिशन देणार नव्हतं.

पुढं काकांच्या डोळ्यांत मोतीबिंदू झाला आणि अंधार पडल्यावर त्यांना यंत्रावरची बटणं दिसेनात. मी जालन्याला कॉलेजात होतो. सुटीच्या दिवसांत त्यांच्याबरोबर फिरू लागलो. मी बटणं दाबायचो, ते माणसाशी बोलायचे. खरं शिक्षण तिथं झालं. रोज पन्नास भरणाऱ्यानं एकदम पाचशे काढले की ते विचारायचे, "आज काय विशेष?" कोणी मुदतीआधी खातं मोडायचं म्हणाला की ते पैशाबद्दल बोलायच्या आधी त्याच्या मागं कोण उभं आहे ते बघायचे. मागं सावकाराचा माणूस असला तर "चल, चहा घेऊ" म्हणून त्याला बाजूला न्यायचे आणि मग विचारायचे. परत येताना मला सांगायचे, "लेकरा, माणूस खरं बोलतो का ते तोंडावरून कमी कळतं. तो बोलायच्या आधी कुणाकडं बघतो, त्यावरून कळतं."

मग एका वर्षी ती पतसंस्था बंद पडली. पतसंस्था म्हणजे बँक नव्हे, हे गावाला तेव्हा समजलं. बँकेतल्या ठेवीला विमा असतो, आता तो पाच लाखांपर्यंत आहे. पतसंस्थेतल्या ठेवीला तो लागू नाही. पिग्मी भरणाऱ्यांपैकी हा फरक किती जणांना माहीत असतो? आजही गावोगावी हे सांगायची गरज आहे.

बरेच एजंट त्या दिवसांत गावातून दिसेनासे झाले होते. काका रोज संध्याकाळी त्याच रस्त्यानं फिरत राहिले. पिशवी रिकामी, पण प्रत्येक दुकानापुढं थांबायचे. लोक वाटेल ते बोलले. एकानं तर अंगावर हात टाकला. ते ऐकून घ्यायचे आणि आपली वही उघडायचे. यंत्र आल्यावरही त्यांनी हातानं नोंद ठेवणं सोडलं नव्हतं. कोणाचे किती, शेवटचा भरणा कधीचा, सगळं त्या वहीत होतं. ज्यांच्या पावत्या पावसात भिजल्या, चुलीत गेल्या, हरवल्या, त्यांना त्या वहीचा आधार झाला. सहकार खात्याकडं द्यायचे अर्ज काकांनी मला बसवून एकेकाला भरून द्यायला लावले. प्रत्येकाला अर्ज मोठ्यानं वाचून दाखवायचा, समजला का विचारायचं आणि मगच सही किंवा अंगठा घ्यायचा, ही त्यांची अट. आईचे काही पैसे पुढं हळूहळू परत मिळाले, सगळे नाही.

त्याच वर्षी माझी एम. कॉम.ची फी भरायची होती. पिग्मी त्यासाठीच साठवली होती. वडिलांनी काही सांगितलं नव्हतं, तरी काका एका सकाळी दुकानात आले आणि माझ्या हातात पैसे ठेवले. स्वतःचं कमिशन बंद झालेलं, डोळ्याचं ऑपरेशन लांबणीवर टाकलेलं, आणि पैसे दिले. पहिला पगार झाला तेव्हा ते परत द्यायला गेलो. काकांनी घेतले नाहीत. लोकांचा एकेक रुपया ज्या वहीत लिहिलेला होता, तिच्यात या पैशांची नोंद नव्हती. म्हणाले, "हे वहीत धरायचं नसतं."

मी आज करतो ते काम तसं अलीकडचं. भारतीय रिझर्व्ह बँकेनं जानेवारी २०२० मध्ये व्हिडिओवरून ग्राहकाची ओळख पटवायला परवानगी दिली. दोनच महिन्यांत टाळेबंदी आली आणि बँकांना या सोयीची खरी गरज कळली. नुसत्या ओटीपीवर उघडलेल्या खात्यात एक लाखाहून जास्त शिल्लक ठेवता येत नाही आणि वर्षभरात पूर्ण केवायसी व्हावी लागते. व्हिडिओवर ओळख पटली की ही बंधनं राहत नाहीत. म्हणून नियम कडक आहेत. अधिकारी बँकेचाच हवा. ग्राहक भारतातच आहे हे त्याच्या ठिकाणावरून तपासायचं. मूळ पॅन कार्ड कॅमेऱ्यापुढं धरायला लावायचं. प्रश्नांचा क्रम दर वेळी बदलायचा. सगळं ध्वनिचित्रमुद्रित होतं, आणि दुसऱ्या माणसानं तपासल्याशिवाय खातं चालू होत नाही.

या नियमांत एक असा आहे, जो प्रशिक्षणात पहिल्यांदा वाचला तेव्हा मला आमच्या दुकानाची पायरी दिसली. ग्राहकाला बाजूनं कोणी उत्तर सुचवत असेल, तर खातं उघडायची प्रक्रिया तिथंच नामंजूर करायची. दादा, वहिनीला बोलू द्या.

रोज हे घडतं. पडद्यावर एक बाई असते, डोक्यावर पदर, हातात पॅन कार्ड उलटं धरलेलं. मी जन्मतारीख विचारतो आणि पडद्याबाहेरून पोराचा आवाज येतो. पोराच्या मनात काही वाईट नसतं, त्याला आईला मदत करायची असते. पण मला कॉल संपवावा लागतो. नुसता 'नामंजूर' शेरा मारून पुढच्या कॉलला लागणं सोपं आहे, कारण आमचं काम कॉलच्या संख्येवर मोजलं जातं. हे मोजमाप मला चुकीचं वाटतं आणि मी ते वरिष्ठांना सांगत आलो आहे. कॉल संपवण्याआधी मी पोराला समजावतो की आईकडून आधी दोन वेळा कार्ड नीट धरवून घ्या, मग तुम्ही बाहेर थांबा आणि पुन्हा फोन लावा. पुन्हा आलेल्या कितीतरी बाया मग स्वतःची तारीख अशा ठसक्यात सांगतात की ऐकत राहावं.

कधी उलटंही असतं. कॉलेजातलं पोरगं, उत्तरं पाठ केल्यासारखी फटाफट, पण प्रत्येक उत्तराआधी नजर पडद्याच्या कडेला. खेड्यापाड्यातल्या मुलांना चार पैसे देऊन त्यांच्या नावानं खाती उघडून घेतात आणि त्या खात्यांतून फसवणुकीचा पैसा फिरवतात. पोलीस मात्र त्या मुलाच्या दारात येतात. अशा वेळी मी पावलं जपून टाकतो, आवाज चढवत नाही. "हे खातं तू कोणासाठी उघडतोयस?" एवढंच विचारतो. काही जण फोन ठेवतात. काही जण गप्प होतात, आणि ती शांतता मी काकांबरोबर ऐकलेली असल्यामुळे मला ओळखता येते.

गावात काकांशिवाय एका बाईंचंही मी देणं लागतो. बचत गटातून बँक सखी झालेल्या आमच्या गल्लीतल्या ताई. त्या यंत्रावर अंगठा घेऊन लोकांचे बँकेचे व्यवहार करून देतात. पण कापूस वेचून बायांच्या बोटांच्या रेषा झिजतात आणि अंगठा यंत्रावर उमटत नाही. ताई ओल्या फडक्यानं बोट पुसतात, दुसरं बोट लावून बघतात, थोड्या वेळानं पुन्हा बोलावतात, पण 'जुळत नाही' म्हणून कोणाला तसंच परत धाडत नाहीत. यंत्र नाही म्हणालं की माणसाचं काम सुरू होतं, हे मी ताईंकडे बघून शिकलो. ३० एप्रिल २०२५ रोजी सर्वोच्च न्यायालयानं अ‍ॅसिड हल्ल्यात चेहरा आणि डोळे गमावलेल्या व्यक्तींच्या, तसंच अंध व्यक्तींच्या याचिकांवर निकाल दिला. कॅमेऱ्यापुढं जिवंतपणाची खूण म्हणून डोळे मिचकावता आले नाहीत म्हणून कोणाला बँकेचं दार बंद होता कामा नये, डिजिटल सोयी वापरता येणं हा जगण्याच्या हक्काचा भाग आहे, असं त्या निकालाचं सार. तो निकाल वाचताना मला ताईंचं ओलं फडकं आठवत होतं.

काकांचं ऑपरेशन आता झालं आहे. त्यांना नीट दिसतं. गेल्या वर्षी त्यांनी स्वतःचं खातं व्हिडिओवरून उघडलं, माझ्याच बँकेत. कॉल माझ्याकडे आला नाही, आणि ओळखीच्या माणसाचा कॉल मी घेतलाही नसता. घरातल्या सगळ्यांना त्यांनी आधीच अंगणात बसवलं होतं, असं सून सांगत होती.

वाचणाऱ्यांना माझी एक विनंती आहे. घरातल्या आईचं, आजीचं, आजोबांचं खातं मोबाइलवरून उघडत असाल तर कॉलच्या वेळी त्यांच्या मागं उभं राहू नका. आधी हवं तितकं समजावा, कार्ड कसं धरायचं ते दाखवा, आणि बाहेर जा. आपलं खातं कोणाला वापरायला देऊ नका. फसवणूक झालीच तर लाजून गप्प बसू नका, लगेच १९३० या क्रमांकावर फोन करा. आणि पलीकडून अधिकारी विचारेल तेव्हा ज्याचं खातं आहे त्यालाच बोलू द्या. त्याला वेळ लागला तरी चालेल, आम्ही थांबतो.