समुद्रातला प्लग

गेले तीन आठवडे मी भेटेल त्याला एकच गोष्ट सांगतोय. मिरकरवाड्याच्या जेटीवर सांगून झाली, वर्कशॉपात चहाच्या वेळी सांगून झाली, सलूनमध्ये अर्धी दाढी झालेली असताना सांगून झाली. शेवटी बायको म्हणाली, “आता एकदाचं लिहून काढा, म्हणजे आमचे कान सुटतील.” म्हणून लिहितोय.

गोष्ट अशी, की स्कॉटलंडच्या उत्तरेला ऑर्कनी नावाची बेटं आहेत आणि तिथे भर समुद्रात विजेचे प्लग पॉइंट आहेत. खरंच आहेत! आणि ते भाड्याने मिळतात. तुम्ही लाटेवर चालणारं यंत्र बनवा, टगच्या मागे बांधून ओढत न्या, नांगरून ठेवा, तळाशी पडलेल्या केबलला जोडा. यंत्राने वीज केली तर ती थेट किनाऱ्यावर जाते, मोजली जाते, तिथून ग्रिडमध्ये जाते. काम झालं की यंत्र सोडवायचं आणि घरी न्यायचं. मग त्याच जागी दुसरा कोणी येतो, स्वतःचं यंत्र घेऊन.

माझं मिरजोळे एमआयडीसीत छोटं वर्कशॉप आहे. ट्रॉलरचे शाफ्ट, विंच, पंख्यांची दुरुस्ती. पुतण्या अॅबर्डीनला समुद्राखालच्या केबलच्या कामात आहे. “काका, एकदा या, तुम्हाला तुमच्या आवडीचं काहीतरी दाखवतो,” असं तो दोन वर्षं म्हणत होता. मला वाटलं, जुना किल्ला दाखवेल.

त्याने आधी नेलं एडिंबरोला, विद्यापीठातला एक हौद दाखवायला. फ्लोवेव्ह म्हणतात त्याला. गोल, 25 मीटर रुंद, दोन मीटर खोल, आणि काठाला सभोवार 168 फळ्या. प्रत्येक फळी स्वतंत्र हलते. त्यामुळे कुठल्याही दिशेची लाट आणि कुठल्याही दिशेचा प्रवाह एकाच पाण्यात करता येतो. सगळ्या फळ्या एका तालात हलवल्या, की लाटा कडेकडून मध्याकडे धावतात आणि बरोबर मधोमध पाण्याचा एक सुळका ताडकन वर उसळतो. पुतण्याने त्याचा व्हिडिओ दाखवला. मी तो सात वेळा पाहिला. आमच्याकडे लहानपणी विहिरीत धोंडा टाकून लाटा कडेला जाताना बघायचो. हे अगदी त्याच्या उलट! 2014 पासून हा हौद चालू आहे आणि हातभर लांबीचं मॉडेल घेऊन आलेल्या माणसालाही त्यात जागा मिळू शकते. युरोपात मारिनेट नावाची एक योजनाच होती, 2011 साली सुरू झालेली. छोट्या कंपन्यांना, संशोधकांना असे हौद आणि समुद्रातल्या चाचणीच्या जागा ठरावीक मुदतीसाठी फुकट वापरायला द्यायच्या. फुकट! मी पुतण्याला दोनदा विचारून खात्री करून घेतली.

मला हे का लागलं, ते सांगतो. चार वर्षांपूर्वी मी एक सौर ड्रायर केला होता. कोकमाची आमसुलं, फणसाचे गरे, सुकट, सगळ्याला चालेल असा. काळा पत्रा, काच, आत ट्रे, एका छोट्या सौर पॅनेलवर फिरणारा पंखा. अंगणात झकास चालायचा. बचत गटाच्या बायकांनी पाहिला, चार नग हवेत म्हणाल्या. कर्जाचा कागद घेऊन त्या एका कचेरीत गेल्या, तर तिथले साहेब म्हणाले, “हा तपासलाय कोणी?” मी म्हटलं, “मी तपासलाय की!” ते हसले. त्यांचंही बरोबर होतं म्हणा. मग चौकशी केली. तपासणीची फी, तिकडे पाठवायचं भाडं, दोन खेपा, सगळं धरून आकडा ड्रायरच्या किमतीच्या वर गेला. ड्रायर अजून वर्कशॉपच्या मागे ताडपत्रीखाली आहे. कोंबड्या अंडी घालतात त्यात.

तर असा माणूस स्क्रॅब्स्टरहून बोटीत बसला आणि दीड तासाने स्ट्रॉमनेसला उतरला. वाटेत ओल्ड मॅन ऑफ हॉय नावाचा समुद्रातून उभा राहिलेला खडकाचा सुळका लागतो, लोक फोटो काढतात, मीही काढला. बेटावर झाड औषधाला सापडत नाही. वारा असा, की मोटारीचं दार दोन हातांनी धरून उघडावं लागतं. लोकसंख्या सगळी मिळून बावीसेक हजार. आणि या एवढ्याशा गावंढळ जागेत 2003 साली उभं राहिलं युरोपियन मरीन एनर्जी सेंटर, एमेक. लाटा आणि भरती-ओहोटीच्या विजेची यंत्रं खऱ्या समुद्रात, खऱ्या ग्रिडला जोडून तपासणारं जगातलं पहिलं केंद्र.

स्ट्रॉमनेसच्या पश्चिमेला बिलिया क्रू नावाची जागा आहे. टेकडीच्या कुशीत एक बुटकी इमारत, समोर अटलांटिक. बघायला म्हणाल तर काहीच नाही. हिरवं गवत, मेंढ्या, फेस. पुतण्याच्या ओळखीची एक तंत्रज्ञ बाई आली होती, तिने बोट करून दाखवलं: तिथून केबल समुद्रात उतरते, दीड-दोन किलोमीटर आत जाते, तिथे बर्थ, म्हणजे यंत्र नांगरायची जागा. एका बर्थला एक केबल, 11 केव्हीची. त्या बुटक्या इमारतीत स्विचगिअर. लाटा मोजायला पाण्यावर तरंगते बोये. बस्स. आणि मी तिथे त्या वाऱ्यात उभा राहून अक्षरशः टाळी वाजवली! बाई दचकली.

कारण बघा. यंत्र बनवणं हे आमच्यासारख्याच्या हातातलं आहे. लेथ आहे, वेल्डर आहे, डोकं आहे. पण समुद्राच्या तळाला केबल टाकायची म्हणजे? एकट्या छोट्या कंपनीने एका यंत्रासाठी ती टाकायची म्हटलं, तर यंत्र राहील बाजूला आणि कंपनी केबलला बांधून बुडेल. शिवाय परवानग्या. मासेमार काय म्हणतात, सील कुठे असतात, जहाजांचा मार्ग कुठला, हे सगळं प्रत्येकाने पहिल्यापासून करायचं तर तीन-चार वर्षं त्यातच जातील. इथे केबल आधीच पडलेली आहे, जागेच्या परवानगीची बरीचशी वाट आधीच घालून ठेवलेली आहे, लाटांच्या मोजमापाच्या वह्या वर्षानुवर्षं भरलेल्या आहेत. गावात एकच पिठाची गिरणी असावी आणि प्रत्येकाने आपापलं दळण घेऊन यावं, तसं. बाजरीवाला बाजरी आणेल, भाजणीवाली भाजणी. जातं एकच.

आणि कागद! कागद मिळतो! एमेकची मोजमाप करणारी प्रयोगशाळा अधिकृत मान्यतेची आहे. तुमच्या यंत्राने किती लाटेला किती वीज दिली, हे तुम्ही स्वतः सांगायचं नाही, तिसरा माणूस मोजून लिहून देतो. मोजायचं कसं याचेच नियम आधी नव्हते, तेही यांनी पुढाकार घेऊन लिहिले, आणि त्यातले काही पुढे आंतरराष्ट्रीय मानकांच्या वाटेला लागले. मला त्या क्षणी ताडपत्रीखालचा ड्रायर आठवला, कोंबड्यांसकट.

पहिलं दळण आणलं ते पेलामिसने. 2004 साली. समुद्रसापाचं नाव, आणि यंत्रही तसंच: लालभडक नळकांडी एकमेकांना सांध्यांनी जोडलेली, 120 मीटर लांब. लाट खालून गेली की सांधे वाकतात, सांध्यातले हायड्रॉलिक पंप तेल दाबतात, त्यावर जनित्र फिरतं. 750 किलोवॅटचं यंत्र. खुल्या समुद्रातल्या लाटेची वीज देशाच्या ग्रिडमध्ये त्याने पहिल्यांदा घातली. ही कंपनी पुढे 2014 मध्ये बुडाली. पुढच्या वर्षी ऑयस्टर नावाच्या यंत्राची कंपनीही गेली. मला वाटलं हे सांगताना बाई आवाज खाली आणेल. छे! आमच्या जेटीवर जुन्या ट्रॉलरबद्दल बोलतात तशी बोलत होती: ती अशी वळायची, तिचा हा सांधा कुरकुरायचा. यंत्र जातं, कंपनी जाते, केबल जागेवर राहते. 2018 साली याच बिलिया क्रूच्या पाण्यात मायक्रोसॉफ्टने 864 सर्व्हर भरलेली एक बंद टाकी तळाशी ठेवून पाहिली आणि दोन वर्षांनी वर काढली. विजेची आणि डेटाची केबल हाताशी, मग काय!

मोठ्या लाटेत एकदम उतरायची छाती नसेल त्यांच्यासाठी स्कापा फ्लोच्या निवांत पाण्यात आणि शापिन्से साउंडमध्ये बालवाडी आहे. तिथे ग्रिड नाही, लहान मॉडेलं आणून नांगर धरतो का, गळती होते का, तेवढं बघायचं.

पण माझा जीव अडकला तो ईडे बेटावर. तिथे फॉल ऑफ वॉरनेस नावाची चिंचोळी समुद्रपट्टी आहे. एका बाजूला अटलांटिक, दुसऱ्या बाजूला उत्तर समुद्र, आणि दोन्हीकडचं पाणी दिवसातून चार वेळा या फटीतून जा-ये करतं. उधाणाला आठेक नॉट. आमच्या ट्रॉलरचा पूर्ण वेग तेवढा असतो! पुतण्या मला समजावायला लागला, की यंत्रं बसवायची कामं काही ठरावीक दिवसांतच करतात, जेव्हा भरतीचा जोर कमी असतो. मी म्हटलं, “भांगाचे दिवस म्हण की. अष्टमीच्या आसपास.” तो बघतच राहिला. सोबत आलेल्या त्या तंत्रज्ञ बाईला त्याने भाषांतर करून सांगितलं, तिने वहीत ‘भांग’ लिहून घेतलं. पुनवेला उधाण, अष्टमीला भांग. आमच्या आजोबांचं पंचांग आणि त्यांचं कामाचं वेळापत्रक एकच निघालं.

ईडेच्या टेकडीवरून खाली ओटू नावाचं पिवळं धमक यंत्र दिसत होतं. ऑर्बिटल कंपनीचं, 2021 साली इथे आणलेलं. 74 मीटरचं तरंगतं धूड, बाजूंना दोन हात, प्रत्येक हाताच्या टोकाला पाण्याखाली 20 मीटर व्यासाचा पंखा. दोन मेगावॅट. दुरुस्तीला हात वर उचलतात, पंखे पाण्याच्या पृष्ठभागावर येतात, छोट्या बोटीने जाऊन काम करायचं. पाणबुड्या नको, क्रेनचं जहाज नको. ज्याने कोणी हे सुचवलं त्याने नक्की कधीतरी पंख्यात अडकलेलं जाळं पाण्याखाली जाऊन कापलेलं असणार! इथेच 2006 मध्ये आयर्लंडच्या ओपनहायड्रोने पहिली भरतीची टर्बाइन लावली होती. नंतर नॉर्वेची आली, स्पेनची आली.

या टेकडीवर वर्षानुवर्षं माणसं बसवली होती, निव्वळ बघायला. दुर्बीण घेऊन तासन्तास सील, पक्षी, डॉल्फिन मोजायचे, यंत्रामुळे ते बिचकतात का हे नोंदवायचं. हाही खर्च कुठल्या एका कंपनीच्या डोक्यावर नाही. आणि बेटांवर वीज इतकी होते, की 2013 पासून वर्षाच्या हिशेबात ती स्वतःच्या गरजेपेक्षा जास्त भरते. मुख्य भूमीकडे जाणारी केबल अपुरी पडते. मग 2017 मध्ये ईडेवर भरतीच्या विजेने पाणी फोडून हायड्रोजन केला. तसं लाटांचं म्हणाल, तर आपल्याकडेही केरळात विळिंजमला 1991 मध्ये लाटेवरचं 150 किलोवॅटचं केंद्र उभं राहिलं होतं, आयआयटी मद्रासच्या लोकांनी केलेलं. म्हणजे आपण या लोकांच्या बारा वर्षं आधी पाण्यात पाय घातला होता.

आम्ही टेकडीवर तीन तास बसलो. डब्यात थालीपीठ होतं, पुतण्याच्या बायकोने दिलेलं, दगडासारखं गार. खाली प्रवाह पिवळ्या धुडाला दोन्ही बाजूंनी कापत जात होता, मागे पांढरा माग, त्यामुळे नांगरलेलं यंत्र भरधाव निघालेल्या जहाजासारखं दिसत होतं. निघालंय, निघालंय, आणि तिथेच आहे. मग हळूहळू माग पुसट झाला. पाणी उभं राहिलं. आरशासारखं. एक सील डोकं वर काढून आमच्याकडे बघून गेला. पुतण्या म्हणाला, “चला काका, फेरी चुकेल.” मी म्हटलं, “थांब रे.” आमच्याकडे पाणी फिरलं म्हणतात ते मेहनत वाया गेली की. इथे मी जॅकेटची टोपी ओढून पाणी फिरायची वाट बघत होतो. आधी एक बारीक सुरकुती उठली. मग दुसरी. मग पिवळ्या धुडाच्या दुसऱ्या टोकाला फेस धरला, आणि जहाज उलट्या दिशेने निघालं.

फेरी चुकलीच.