अलगूचे भांडण कोणाशी?

इंदुरातील आमच्या मंडळात दर रविवारी सकाळी सहावी ते आठवीतील दहा-बारा मुलांना मी मराठी शिकवितो. घरात मराठी, शाळेत हिंदी-इंग्रजी आणि मैदानावर निव्वळ हिंदी, अशी ही मुले. कथेतील संघर्ष शिकवावयाचे ठरले तेव्हा मी मुद्दाम प्रेमचंदांची ‘पंच परमेश्वर’ (१९१६) निवडली. काहींना ती हिंदीतून ठाऊक होती. येथे ती मराठीत सांगावयाची, एवढीच अट.

म्हाताऱ्या खालाने आपली मिळकत जुम्मनच्या नावे करून दिली आणि त्याच्या घरी तिचे हाल सुरू झाले. पंचायत बसली. सरपंच म्हणून तिने नाव घेतले ते जुम्मनच्या जिवलग मित्राचे, अलगूचे. पंचायतीला येईन पण तोंड उघडणार नाही, असे तिला आधी सांगून चुकलेला हा गृहस्थ!

“भांडण कोणाचे?” मी विचारले. “खालाचे आणि जुम्मनचे,” साऱ्यांनी एका सुरात उत्तर दिले. बाह्य संघर्ष मुलांना चटकन दिसतो, कारण त्यात समोरासमोर दोन माणसे असतात. “मग अलगूचे कोणाशी?” वर्ग गप्प. अखेर एक मुलगी हळूच म्हणाली, “खुदसे.”

उत्तर बरोबर होते, भाषा तेवढी दुसरी होती. मला तेच लागले. महसूल खात्यात माझी उमेद गेली. मिळकतीच्या तंट्यांच्या नस्त्या किती चाळल्या, त्याची गणती नाही. वादी, प्रतिवादी, साक्षी, सारे त्यांत असते. निर्णय देणाऱ्याच्या मनातली घालमेल मात्र टिपणीत कधी येत नाही. ती कथेतच सापडते. परंतु ती सांगावयाची तर शब्द हवेत. मन कचरणे, जीव वरखाली होणे, मनाला टोचणी लागणे, हे सारे आमच्या घरांत आज्या-पणज्यांच्या तोंडी होते. त्या गेल्या, आणि मुलांकडे उरले ते पाठ्यपुस्तकातील ‘दुःख’ व ‘आनंद’.

म्हणून व्याख्या बाजूला ठेवल्या. सरपंच म्हणून नाव पुकारले गेल्यापासून निवाडा देईपर्यंत अलगूच्या मनात काय चालले असेल, ते दोन आवाजांत लिहावयास सांगितले: एक मित्राचा, एक पंचाचा. पुढे अलगू आणि समझू साहूच्या बैलाच्या तंट्यात जुम्मन सरपंच होतो, तेव्हा पुन्हा तेच. फक्त मित्राच्या जागी सूड घेऊ पाहणारा आवाज.

त्यानंतरच्या रविवारी स्वतःविषयी लिहावयाचे होते. सातवीतील एक मुलगा वर्गाचा मॉनिटर आहे. गोंगाट करणाऱ्यांची नावे फळ्यावर लिहिणे हे त्याचे काम, आणि गोंगाट करणारा त्याचाच मित्र. लिहिता लिहिता तो थांबला.

“आजोबा, ‘दिल नहीं मानता’ला मराठीत काय म्हणतात?”

मी सांगण्यापूर्वीच ती मघाची मुलगी म्हणाली, “मन घेत नाही.”

त्याने ते लिहून घेतले. फळ्यावर मित्राचे नाव लिहिले की नाही, हे त्याने कागदावर सांगितले नाही, आणि मीही विचारले नाही.