शेजारचा बंगला

पुण्याहून कुणी मित्र ऑस्लोला आला की पहिल्या दोन दिवसांत एक प्रश्न हमखास येतो. "अरे, नॉर्वे युरोपियन युनियनमधे आहे ना?" मी म्हणतो, नाही. "मग माझा शेंगेन व्हिसा कसा चालला?" कारण शेंगेनमधे आहे. "मग इथे युरो का चालत नाही?" कारण युनियनमधे नाही. (युनियनमधे असूनही युरो न वापरणारा स्वीडन शेजारीच आहे, पण ते सांगून मी पाहुण्याचा गोंधळ आणखी वाढवत नाही.) शेवटी पाहुणा वैतागून विचारतो, "म्हणजे हे लोक आत आहेत की बाहेर?"

प्रश्न अगदी रास्त आहे. गेली पन्नासेक वर्षं नॉर्वेजियन लोक एकमेकांना हेच विचारतायत.

पाहुण्याला नीट समजवायचं तर मी त्याला गाडीत घालून स्वीनेसुंदला नेतो. ऑस्लोहून दक्षिणेला दीडएक तासावर स्वीडनची सरहद्द आहे, पलीकडे प्रचंड मोठी दुकानं. मांस, चीज, दारू, गोळ्या-चॉकलेटं, सगळं इथल्यापेक्षा स्वस्त. वीकांताला अर्धं ऑस्लो तिथे लोटतं. या प्रकाराला इथे 'हॅरी-टूर' म्हणतात. हॅरी म्हणजे जरा गावठी, आपल्या भाषेत 'एलबीटी'. नावं सगळेच ठेवतात आणि जातातही सगळेच :)

तर येताना गंमत बघा. पुलावर पासपोर्ट सहसा कुणी बघत नाही, पण डिकीत चीज किती आहे हे कस्टमवाला विचारू शकतो. मांस, चीज वगैरे मिळून माणशी दहा किलोपर्यंत चालतं. माणसाला मोकळीक आणि चीजला अडवणूक! कारण नॉर्वे शेंगेनमधे आहे, युनियनच्या बाजारपेठेत आहे, पण कस्टम्स युनियनमधे नाही आणि सामायिक शेती धोरणातही नाही. इथला शेतकरी डोंगरउतारावर, चार महिन्यांच्या उन्हात शेती करतो. त्याला वाचवायला २०१३ मधे काही कडक चीजच्या प्रकारांवर २७७ टक्के आयातकर लावला होता. युनियनवाले चांगलेच चिडले होते तेव्हा.

आता थोडा इतिहास, कंटाळू नका. नॉर्वे जवळजवळ चारशे वर्षं डेन्मार्कच्या हाताखाली होता, मग १८१४ पासून स्वीडनबरोबर एका राजाखाली. ते नातं १९०५ मधे तुटलं. स्वीडनपासून वेगळं व्हायचं का, यावर तेव्हा लोकांचं मत घेतलं, तर 'हो' म्हणणारे ३,६८,२०८ आणि 'नाही' म्हणणारे १८४! (बायकांना तेव्हा मत नव्हतं.) त्या आधीच्या नात्याचं नावच 'युनियन' होतं. त्यामुळे पुढे 'युनियनमधे चला' असं कुणी म्हटलं की इथल्या म्हाताऱ्यांच्या कपाळाला आठ्या पडायच्या, यात नवल नाही.

साठच्या दशकात नॉर्वेनं दोनदा अर्ज केला. पण फ्रान्सच्या द गॉलनी ब्रिटनला दोनदा दार लावलं आणि त्याबरोबर नॉर्वेचा अर्जही बारगळला. मग सप्टेंबर १९७२ मधे सार्वमत झालं. ५३.५ टक्के 'नको'. पंतप्रधान त्रिग्वे ब्राटेली यांनी राजीनामा दिला. घराघरात भांडणं झाली, भावाभावांनी बोलणं टाकलं, असं जुनी माणसं अजून सांगतात. पुन्हा बावीस वर्षांनी, २८ नोव्हेंबर १९९४ ला, तोच प्रश्न. या वेळी पंतप्रधान ग्रो हार्लेम ब्रंटलँड 'हो'च्या बाजूला आणि समोर सेंटर पार्टीच्या आन एंगर लानस्टाईन, ज्यांना वर्तमानपत्रांनी 'नकोची राणी' म्हणून टाकलं होतं. फिनलंड ऑक्टोबरमधे 'हो' म्हणाला, स्वीडन दोनच आठवडे आधी 'हो' म्हणाला. आता नॉर्वेही मागोमाग येईल असा हिशेब होता. मतदान झालं जवळजवळ ८९ टक्के. निकाल ५२.२ टक्के 'नको'. ऑस्लोत दोन तृतीयांश लोक 'हो' म्हणाले, तर अगदी उत्तरेला फिनमार्कमधे तीन चतुर्थांश लोक 'नको' म्हणाले. एकाच देशाचे दोन देश.

आमच्या हापिसात हे दोन्ही देश रोज साडेअकराला एका टेबलावर डबा खातात. (हो, साडेअकराला. बारा वर्षांत या वेळेची सवय झालेली नाही.) एक आहे लोफोटेन बेटांवरचा, वडील मासेमार. १९९४ मधे तो विशीत होता, 'नको' म्हणाला आणि आजही तेच म्हणतो. "आमच्या समुद्रातला कॉड कुणी किती पकडायचा हे ब्रसेल्समधे ठरणार? मग बाबांनी आयुष्यभर कशाची राखण केली?" दुसरी आमची टीम लीड, जन्मापासून ऑस्लोची. तिनं 'हो' म्हटलं होतं. तिचं म्हणणं, "नियम तर आपण घेतोच आहोत. मग ते लिहिले जातात तेव्हा खोलीत तरी बसूया ना."

तिचा मुद्दा मला पुस्तकातून नाही, कामातून कळला. जीडीपीआर आठवतंय? युनियननं २०१६ मधे केलेला खाजगी माहितीचा कायदा. नॉर्वे युनियनचा सदस्य नाही, तरी आमच्या टीमनं त्या कायद्यापायी महिनोनमहिने काम केलं. ग्राहकानं सांगितलं की त्याचा सगळा डेटा पुसता आला पाहिजे, संमतीचे सगळे स्क्रीन बदलले पाहिजेत, लॉगमधे नावं दिसता कामा नयेत... युनियनमधे हा कायदा २५ मे २०१८ ला लागू झाला, नॉर्वेत २० जुलैला. "आठ आठवड्यांचं स्वातंत्र्य," टीम लीड म्हणाली. त्या कायद्यासाठी युरोपभरच्या नियंत्रकांचं जे मंडळ आहे, त्यात नॉर्वेचा नियंत्रक बसतो, बोलतोही. पण मत देता येत नाही.

याचं कारण युरोपियन इकॉनॉमिक एरिया नावाचा करार, १ जानेवारी १९९४ पासून लागू. नॉर्वे, आइसलंड आणि लिक्टेनस्टाईन हे तीन देश त्याच्यामुळे युनियनच्या बाजारपेठेत आहेत, त्या बदल्यात बाजारपेठेचे नियम आपल्या कायद्यात आणतात. शेती आणि मासेमारीची सामायिक धोरणं तेवढी बाहेर ठेवली.

पुण्याच्या मित्राला मी हे असं सांगतो. एक मोठी सोसायटी आहे आणि तिला लागून एक बंगला. बंगल्याला सोसायटीचं गेट वापरता येतं, रस्ता वापरता येतो, मुलं तिच्या बागेत खेळतात. त्यासाठी बंगलेवाला सोसायटीचे नियम पाळतो, वर पैसेही देतो. २०१४ ते २०२१ या काळासाठी तिन्ही देशांनी मिळून युनियनमधल्या गरीब भागांसाठी २.८ अब्ज युरो कबूल केले, त्यातले सुमारे ९७ टक्के एकट्या नॉर्वेचे. फक्त वार्षिक सभेत बंगलेवाल्याला हात वर करता येत नाही. पण बंगल्याच्या विहिरीवर आणि परसातल्या भाजीवर सोसायटीचा हक्क नाही. लोफोटेनवाल्याला ती विहीर महत्त्वाची वाटते, टीम लीडला तो वर न करता येणारा हात खुपतो. दोघेही आपापल्या जागी बरोबर आहेत, हाच तर घोळ आहे.

सरकारनं नेमलेल्या एका समितीनं २०१२ मधे सुमारे नऊशे पानांचा अहवाल दिला. नावच 'बाहेर आणि आत'. त्यांच्या हिशेबानं सदस्य देशांना लागू असलेल्या नियमांपैकी सुमारे तीन चतुर्थांश नॉर्वेनं घेतलेलेच होते. एखादा नियम नाकारायचा अधिकार कागदावर आहे. २०११ मधे सत्ताधारी लेबर पार्टीच्या अधिवेशनानं टपालाच्या एका नियमाबाबत तो वापरायचा ठरवला. २०१३ मधे सरकार बदललं आणि नव्या सरकारनं तो नियम स्वीकारला. संपलं.

मला यातली सगळ्यात विलक्षण वाटणारी गोष्ट वेगळीच आहे. सदस्यत्वावर लोकांना दोनदा विचारलं, दोनदा 'नको' आलं आणि देशानं ते निमूट पाळलं. पण ज्या करारावर देश खरोखर चालतो, त्यावर लोकांना कधीच विचारलं नाही! तो संसदेनं ऑक्टोबर १९९२ मधे १३० विरुद्ध ३५ मतांनी मंजूर केला. 'हो'वाल्यांना तो अपुरा वाटतो, 'नको'वाल्यांपैकी अनेकांना तो मागच्या दारानं आत नेणारा वाटतो. कुणाचीच पहिली पसंती नसलेली ही व्यवस्था तीस वर्षांहून जास्त टिकली आहे. आमच्या धंद्यात तात्पुरता म्हणून घातलेला पॅच असाच वर्षानुवर्षं प्रॉडक्शनमधे चालतो, आणि काढायची हिंमत कुणाची होत नाही.

राजकीय पक्षांनी यावर नामी तोडगा काढलाय. आघाडी सरकार करताना 'हो'वाले आणि 'नको'वाले एकत्र आले की ठरवून टाकतात, सदस्यत्वाचा विषय कुणी काढला तर सरकार खलास. याला इथे 'आत्महत्येचं कलम' म्हणतात. आपल्याकडे दिवाळीच्या फराळाला सगळे जमतात पण गावच्या जमिनीच्या वाटणीचा विषय कुणी काढत नाही, तसंच. विषय मात्र फटीतून येतोच. ३० जानेवारी २०२५ ला सेंटर पार्टी सरकारमधून बाहेर पडली, ती युनियनचे विजेचे काही नियम घ्यायचे की नाही यावरून. जर्मनी आणि ब्रिटनकडे जाणाऱ्या मोठ्या वीजवाहिन्या २०२१ मधे सुरू झाल्या, त्याच हिवाळ्यात दक्षिणेत विजेचे दर कडाडले. दोन्हीचा संबंध किती यावर तज्ज्ञ भांडत बसले, पण बिल बघणाऱ्याला भांडायची गरज वाटली नाही. बिल मीही बघितलंय, लोकांचा राग खोटा नव्हता.

आता तुम्ही म्हणाल, तुला काय करायचंय? तू तर इंजिनियर, कोड लिही, पगार घे.

करायचंय. कारण मी स्वतः तो शेजारचा बंगला आहे.

मी २०१३ मधे इथे आलो. कर भरतो, नियम पाळतो, मुलगी इथल्या शाळेत जाते. तीन वर्षं राहिलेल्या परदेशी माणसाला इथे स्थानिक निवडणुकीत मत देता येतं, ते मी २०१९ आणि २०२३ मधे दिलं. (२०१९ मधे गाजलेला मुद्दा कुठला? टोल! पुण्याहून इतक्या लांब येऊन शेवटी टोलवर मत.) पण संसदेला मत नाही. ती वीज, ते जीडीपीआर, माझ्या मुलीच्या शाळेचा कायदा, जिथे ठरतं तिथे मी हात वर करू शकत नाही. भारतात माझं मत आहे, पण परदेशस्थ मतदाराला बूथवर जातीनं हजर राहावं लागतं. दोन्हीकडे मी आहे, दोन्हीकडे अर्धा.

नागरिकत्वासाठी अर्ज करता येतो आता. नॉर्वेनं १ जानेवारी २०२० पासून दुहेरी नागरिकत्वाला परवानगी दिली. पण भारताचा कायदा देत नाही. अर्ज मंजूर झाला की निळा पासपोर्ट जमा, हातात ओसीआय कार्ड. त्यावर भारतात मत देता येत नाही, शेतजमीन विकत घेता येत नाही. बायको म्हणते, "जिथे पोरगी वाढतेय तिथे आपला आवाज नको?" ती आमच्या घरातली टीम लीड. मी लोफोटेनवाला. विहीर सोडवत नाही. आईसमोर हा विषय काढायचा नाही असं दोघांचं ठरलंय, म्हणजे आत्महत्येचं कलमसुद्धा आहेच.

नॉर्वेकडे बघून मला एवढं कळलंय की 'बाहेर राहणं' फुकट नसतं. मत गमवावं लागतं, आणि ते रोज थोडं थोडं. आत जाणंही फुकट नसतं. लोफोटेनवाल्याला एकदा सरळ विचारलं, नियम सगळे येणारच असतील तर 'नको' म्हणून मिळालं काय? तो म्हणाला, "किंमत मला माहीत आहे. मी ती मोजतोय. फक्त कुणी मला सांगू नये की फुकट आहे." इथल्या चर्चेत दोन्हीकडचे पुढारी नेमकं हेच सांगत नाहीत. एक म्हणतो आत गेल्यानं काही जाणार नाही, दुसरा म्हणतो बाहेर राहून सगळं मिळेल.

म्हणून आमच्या घरी सध्या एका वहीत दोन रकाने आहेत. काय सुटेल, काय मिळेल. बायकोनं तिचा रकाना भरलाय. माझ्यात तीन ओळी आहेत, त्यातल्या दोन खोडलेल्या. पुढच्या स्थानिक निवडणुका २०२७ मधे. तोवर टोलवर मत द्यायला मी मोकळा आहेच.