टोपी आणि आशयसूत्र

आर. के. नारायण यांच्या ‘स्वामी अँड फ्रेंड्स’ (1935) या कादंबरीच्या आशयसूत्रावर निबंध लिहिताना पहिली अडचण ही, की सूत्रे फार चटकन सापडतात. मैत्री, शाळेची धास्ती, स्वातंत्र्य चळवळ, बालपण ही यादी गाइडांत तयारच असते. यादीवरून लिहिलेला निबंध दोन परिच्छेदांत गोष्टीच्या सारांशावर घसरतो.

बंगळूरमध्ये जयनगरला राहणाऱ्या प्रस्तुत लेखिकेच्या घरी हा निबंध नववीतल्या मुलीच्या वाट्याला आला. कादंबरीचे या शहराशी नाते जुने आहे. ती जिथे घडते ते मालगुडी हे काल्पनिक गाव नारायण यांना 1930 मध्ये इथेच, आजीकडे असताना सुचले. शाळेने विषय दिला होता ‘स्वातंत्र्य’. एवढा मोठा शब्द अख्ख्या कादंबरीवर पसरला की विरून जातो, म्हणून मुलीने एकच प्रकरण धरले, शाळेच्या काचा फुटतात ते.

प्रकरणाची सुरुवात 15 ऑगस्ट 1930 च्या सभेने होते. मुंबईच्या एका कार्यकर्त्याच्या अटकेच्या निषेधार्थ मालगुडीच्या सरयू नदीकाठी माणसे जमतात, परदेशी कपड्यांची होळी पेटते. कुणीतरी कादंबरीच्या शाळकरी नायकाची, स्वामीची टोपी विलायती असल्याचे म्हणतो आणि तो ती आगीत भिरकावतो. दुसऱ्या दिवशी हरताळ. त्यात तो हेडमास्तरांच्या खोलीच्या काचांवर दगड मारतो. जमाव पांगवायला पोलीस येतात. हुकूम देणारे अधिकारी त्याच्या मित्राचे, राजमचे वडील असतात. त्यांची ऐट पाहून स्वामीला आधी अभिमान वाटतो, आणि मग लाठ्या चालतात. रात्री वडील टोपीची चौकशी करतात तेव्हा कळते, की ती शुद्ध खादीची होती.

मुलगी इथेच अडली. “आई, खादीचीच होती तर जाळली कशाला?”

“तुला काय वाटतं?”

“त्याला शाळेचाच राग होता गं. देश त्यात नंतर आला.”

हेच वाक्य निबंधाचे सूत्र झाले. सूत्र असे असावे, की वाचणाऱ्याला त्यावर वाद घालता यावा. ‘या कादंबरीत स्वातंत्र्य महत्त्वाचे आहे’ यावर कोण वाद घालणार? मग पुरावे: टोपी, काचा, आणि नंतर हेडमास्तरांच्या हातची छडी हिसकावून, खिडकीबाहेर फेकून शाळेतून पळणारा स्वामी. प्रत्येक प्रसंग एका वाक्यात सांगायचा आणि त्यातून काय दिसते यावर तीन-चार वाक्ये खर्च करायची. मुलांच्या निबंधांत हे प्रमाण नेमके उलटे असते, आणि गुण तिथेच जातात.

विरुद्ध बाजूही घ्यावी लागली. सभेतली भाषणे ऐकून स्वामी खरोखर पेटतो, त्याचा आवेश खोटा नाही. नारायण या मुलाला हसत नाहीत, चळवळीलाही नाही. दहा वर्षांच्या मुलाच्या मनात देशाची गुलामी आणि वर्गातली छडी एकाच रागात मिसळतात, हे ते कुठेही समजावून न सांगता दाखवतात. कादंबरीचे खरे बळ यात आहे. मुलीने आपले सूत्र त्यानुसार बदलले: देश नंतर आला असे न म्हणता, दोन्ही राग एकत्र आले, असे तिने लिहिले. स्टेशनवर राजमला निरोप देण्याच्या शेवटच्या प्रसंगाचा या सूत्राशी संबंध लागेना, म्हणून तो फार आवडता असूनही तिने वगळला.