पलीकडच्या स्क्रीनवर काय दिसतंय?

विंडोजचं रिमोट डेस्कटॉप जोडलं गेलं नाही, की स्क्रीनवर एक चौकट येते आणि तिच्यात तीन कारणं दिलेली असतात. पलीकडच्या संगणकावर दुरून येण्याची सोय चालू केलेली नाही. तो संगणक बंद आहे. किंवा तो नेटवर्कवर नाही. तिन्ही शक्य असतात आणि तिन्ही मिळून काही म्हणजे काही सांगत नाहीत.

ही चौकट आली की ज्यांचं काम सुरू होतं, अशी माणसं आता गावोगावी आहेत. कुणी संगणकदुरुस्तीच्या दुकानातून या कामात आलं, कुणी कंपनीच्या आयटी विभागातून बाहेर पडून, आणि बरेचसे तर नुसते नात्यापोटी ओढले गेले: परदेशातला मुलगा, पुतण्या, ‘कॉम्प्युटरमधलं कळणारा’ जावई. जे साधन चालू असतं तर सगळं दिसलं असतं, नेमकं तेच यांच्यापुढे बंद पडलेलं असतं. मग निदान कानांनी करायचं, फोनवरून. आणि फोनच्या पलीकडे बहुधा असं कुणीतरी असतं, ज्याने हा उपद्व्याप मागितलेला नसतो.

सांगलीचं एक घर घेऊ. काका निवृत्त, सोसायटीचे हिशेब घरच्या डेस्कटॉपवर ठेवणारे. ते तीन महिन्यांसाठी मुलाकडे म्युनिकला गेले आणि जाताना ‘तिथनं आपलाच कॉम्प्युटर उघडतो की’ असं कमिटीला सांगून गेले. काकू गुडघ्यांमुळे मागे राहिल्या. थोड्याच दिवसांत तीन कारणांची ती चौकट म्युनिकमध्ये उमटली आणि पुण्यातल्या एका दुरुस्तीवाल्याला फोन गेला. काका त्याला इंटरनेट कंपनीविषयी बरंच ऐकवत होते. त्याने ते ऐकून घेतलं आणि काकूंना फोन लावला.

“काकू, डब्यावरचा दिवा लागलाय का?”

“लागलाय की. पण पेटतोय, विझतोय.”

बहुतेक डेस्कटॉपवर पेटता-विझता दिवा म्हणजे यंत्र झोपलंय. झोपलेल्या यंत्राला दुरून उठवायची युक्तीही आहे. तिच्यात ‘मॅजिक पॅकेट’ नावाचा छोटा संदेश पाठवतात: आधी २५५ हा आकडा सहा वेळा, मग त्या यंत्राच्या नेटवर्क कार्डाचा पत्ता लागोपाठ १६ वेळा, सगळे मिळून १०२ बाइट. कार्ड अर्धवट जागं असतं. स्वतःचं नाव सोळा वेळा ऐकू आलं की ते मदरबोर्डाला उठवतं. वाचायला हे फार छान वाटतं. प्रत्यक्षात युक्ती चालते ती घरातल्या घरात, तारेने जोडलेल्या यंत्रांवर. वाय-फायवर तिचा भरवसा नाही, आणि इंटरनेटपलीकडून ती करायची तर घरात आधीच जागं असलेलं दुसरं एखादं यंत्र लागतं. म्हणून जाणता दुरुस्तीवाला कंटाळवाणा मार्ग धरतो: मॉनिटर खुशाल बंद होऊ दे, पण ‘स्लीप’च्या खान्यात ‘नेव्हर’.

संगणक उठला. चौकट मात्र तीच.

मग काळी खिडकी उघडून आयपीकॉन्फिग टाइप करून घ्यायचं, एकेक अक्षर सांगत: पी पुण्याचा, एन नाशिकचा. त्यानंतर उमटतो तो आकड्यांचा ढीग, आणि त्यातली एकच ओळ वाचून घ्यायची असते. काकूंनी सुरुवात केली, “एकशे एकोणसत्तर, टिंब, दोनशे चोपन्न...” “बास, काकू,” दुरुस्तीवाला म्हणाला. पुढचे आकडे ऐकायची गरजच नव्हती. घरातल्या राउटरने दिलेला पत्ता बहुधा १९२.१६८ ने सुरू होतो. १६९.२५४ हा पत्ता कुणी देत नाही. राउटरकडून उत्तरच आलं नाही की विंडोज तो स्वतःच स्वतःला लावून घेतं. म्हणजे संगणक आणि राउटर यांच्यातच बोलणं तुटलेलं. काकूंना टेबलामागे वाकायला लावण्याऐवजी त्याने खालच्या मजल्यावरच्या मुलाला बोलवायला सांगितलं. झाडताना सैल झालेली तार त्याने नीट बसवली. खट् असा आवाज फोनवरही ऐकू आला.

या कामाची रीतच अशी आहे: जवळून लांब जायचं. आधी वीज, मग झोप, मग तार, मग घरातला पत्ता, मग त्या यंत्राची परवानगी, आणि सगळ्यात शेवटी बाहेरचं जग. घरची माणसं नेमकी उलटी सुरुवात करतात, कारण बाहेरच्या जगाला दोष देणं सोपं असतं.

परवानगीच्या पायरीवर मायक्रोसॉफ्टने स्वतःच काही खड्डे ठेवलेत. विंडोजच्या ‘होम’ आवृत्तीतून दुसऱ्याच्या यंत्रावर जाता येतं, पण तिच्यावर या मार्गाने कुणाला येता येत नाही. त्यासाठी ‘प्रो’ लागते. म्हणजे घरगुती संगणकावर जी आवृत्ती सर्रास असते, तिलाच ही सोय नाही. कितीतरी जणांचा अख्खा रविवार यात गेलेला असतो, कारण चौकटीतल्या तीन कारणांत हे कारण स्पष्ट शब्दांत येत नाही. ज्या खात्याला पासवर्डच नाही, त्यावरही विंडोज नेटवर्कवरून कुणाला घेत नाही. आणि घरच्या वाय-फायला कुणीतरी कधीतरी ‘पब्लिक’ म्हणून ठेवलेलं असलं, तर साध्या पिंगलाही उत्तर मिळत नाही. जिवंत यंत्र मेल्यासारखं वाटतं. काकांकडे प्रो होतं, पासवर्डही होता. पुढचा खड्डा घराबाहेर होता.

आयपीच्या जुन्या, चौथ्या आवृत्तीत मिळून साधारण ४३० कोटी पत्ते. जागतिक साठ्यातले शेवटचे गठ्ठे ३ फेब्रुवारी २०११ ला विभागीय संस्थांना वाटून झाले. पत्ते पुरत नाहीत म्हणून इंटरनेट कंपन्या एकाच सार्वजनिक पत्त्यामागे पुष्कळ घरं बसवतात आणि त्यासाठी २०१२ मध्ये १००.६४ पासून १००.१२७ पर्यंतचा पट्टा राखून ठेवला गेला. या व्यवस्थेला सीजी-नॅट म्हणतात. मोठ्या सोसायटीच्या गेटवरच्या वॉचमनसारखं ते काम करतं: आतल्याने काही मागवलं असेल तर ते आणणाऱ्याला सोडतो, पण बाहेरून कुणी आपणहून आला की कुठल्या फ्लॅटमध्ये पाठवायचं हे त्याला ठाऊक नसतं, आणि तो त्याला परत पाठवतो. दुरुस्तीवाल्याने राउटरच्या पानावरचा बाहेरचा पत्ता वाचायला लावला. शंभरने सुरू होत होता, दुसरा आकडा ७२. काका म्युनिकमधून कितीही वेळा दार ठोठावोत, आत कुणाला ऐकू जाणार नव्हतं.

इथे इंटरनेटवरचा सल्ला असतो: कंपनीकडून स्वतंत्र पत्ता विकत घ्या आणि राउटरमध्ये पोर्ट ३३८९ उघडा. हा सल्ला ऐकू नये. मे २०१९ मध्ये ‘ब्लूकीप’ हा दोष उघडकीला आला. जुन्या विंडोजमध्ये या दारातून पासवर्डशिवाय आत शिरता येत होतं. त्याची गंभीरता एवढी, की ज्या एक्सपीची देखभाल २०१४ मध्येच थांबवली होती, तिच्यासाठीसुद्धा मायक्रोसॉफ्टने दुरुस्ती काढली. आजची विंडोज त्या दोषातून सुटलेली आहे. पण उघडं ३३८९ शोधत फिरणारे प्रोग्राम दिवसरात्र फिरतच असतात, आणि पोर्टचा नंबर बदलल्याने ते फसत नाहीत.

सीजी-नॅटमधून बाहेर पडायचा भला मार्ग म्हणजे दोन्ही यंत्रांनी आतून बाहेर हात पुढे करायचा आणि मध्ये कुणीतरी ते जुळवून द्यायचे. जर्मनीत २००५ मध्ये सुरू झालेलं टीमव्ह्यूअर हेच करत आलंय. टेलस्केलसारखी अलीकडची साधनं वायरगार्डच्या आधाराने दोन घरांमध्ये खाजगी वाट तयार करतात आणि त्या वाटेवरून विंडोजचं स्वतःचं रिमोट डेस्कटॉप चालतं. गंमत अशी, की टेलस्केलही आपल्या यंत्रांना त्याच शंभरच्या पट्ट्यातले पत्ते देतं. म्हणून ‘शंभर टिंब’ ऐकलं की आधी विचारायचं, ‘कुठे दिसतंय हे, राउटरवर की कॉम्प्युटरवर?’

असं एखादं साधन बसवायला दुरुस्तीवाल्याला काकूंची स्क्रीन हवी होती. क्विक असिस्टसाठी त्याने एक कोड टाइप करायला सांगितला आणि काकूंनी फोन ठेवून दिला.

बरोबरच केलं. रिझर्व्ह बँकेने फेब्रुवारी २०१९ मध्येच एनीडेस्कसारखं ॲप टाकायला लावून खात्यातले पैसे उडवणाऱ्यांविषयी सावध केलं होतं, आणि पेपरात असल्या बातम्या अजून येतातच. फोनवरचा माणूस, हातात कोड, ‘आता यस दाबा’: चोराचं आणि दुरुस्तीवाल्याचं बोलणं शब्दाला शब्द सारखं असतं. काकूंनी म्युनिकला फोन करून मुलाकडून खात्री केली आणि मगच कोड टाकला. ज्या घरात असा फोन ठेवला जात नाही, तिथे खरं तर दुरुस्तीवाल्यानेच काळजी करावी. पुढेही एकदा अडलं. ‘या ॲपला बदल करू द्यायचे का?’ ही विंडोजची विचारणा आली की दुरून बघणाऱ्याची स्क्रीन काळी होते, ती मुद्दामच. ‘यस’ समोर बसलेल्यालाच दाबावं लागतं.

वाट झाली. म्युनिकमध्ये आता तीन कारणांऐवजी पासवर्ड मागणारी चौकट आली. काकांनी पिन टाकला. पिन त्या एका यंत्रापुरता असतो, दुरून तो चालत नाही. मायक्रोसॉफ्ट खात्याचा खरा पासवर्ड लागतो. तो वहीत सापडला, टाकला, चुकीचा निघाला. पुन्हा टाकला, पुन्हा चुकीचा. फोनवर ऐकताना दुरुस्तीवाल्याने विचारलं, “काका, लॅपटॉप कुणाचा?” मुलाचा. मुलाने म्युनिकमध्ये घेतलेला. जर्मन कीबोर्डवर वाय आणि झेड यांच्या जागा अदलाबदल झालेल्या असतात, आणि ॲट द रेटचं चिन्ह वरच्या दोनवर नसून क्यूच्या बटणावर, ऑल्ट-जीआर धरून. सवयीने चालणाऱ्या बोटांना हे कळत नाही आणि चौकटीत नुसते ठिपके दिसतात. आधी नोटपॅडमध्ये पासवर्ड लिहून बघितला आणि तिथेच चूक उघडी पडली.

कधीकधी दोष खरोखरच कुणाच्याच घरात नसतो. मे २०१८ मध्ये मायक्रोसॉफ्टच्या एका सुरक्षा-अपडेटनंतर जगभर रिमोट डेस्कटॉप अडलं, कारण अपडेट झालेला संगणक अपडेट न झालेल्याशी जोडून घ्यायला नकार देऊ लागला. पासवर्ड बरोबर, नेट बरोबर, तरी दार बंद. दोन्हीकडे अपडेट चढवणं हाच सरळ उपाय होता, पण त्या आठवड्यात घाईला आलेल्या अनेकांनी सुरक्षाच सैल करून ठेवली.

सांगलीचं जोडलं गेलं खरं, पण अधूनमधून तुटू लागलं. काका हिशेबाच्या पानात असतानाच ‘दुसऱ्या कुणीतरी या संगणकावर प्रवेश केला’ अशा अर्थाचा निरोप यायचा आणि सगळं गायब. नेटचा वेग तपासला, राउटर बदलायची भाषा सुरू झाली. दुरुस्तीवाल्याने मात्र काकूंनाच विचारलं, “तुमच्याकडच्या स्क्रीनवर काय दिसतं?”

“कुलूप दिसतं. मग मी पिन टाकून उघडते.”

विंडोजचं रिमोट डेस्कटॉप इथे टीमव्ह्यूअरपेक्षा वेगळं वागतं. टीमव्ह्यूअरमध्ये दोघांना एकच स्क्रीन दिसते. यात दुरून माणूस आला की समोरची स्क्रीन कुलूपबंद होते, आणि समोरच्याने पिन टाकला की दुरून आलेला बाहेर फेकला जातो. काकू दर वेळी कॉम्प्युटर ‘दुरुस्त’ करत होत्या.

उंदीर, म्हणजे माउस, जड चालतो ही काकांची शेवटची तक्रार. त्याला उपाय मर्यादितच. काचेच्या तारेतून प्रकाश सेकंदाला साधारण दोन लाख किलोमीटर जातो, मुंबई ते म्युनिक सरळ रेषेतच सहा हजार किलोमीटरांहून जास्त. म्हणजे क्लिक जाऊन चित्र परत यायला ६० मिलीसेकंद तरी लागणारच, आणि तारा काही सरळ रेषेत जात नाहीत. सप्टेंबर २०२५ मध्ये जेद्दाजवळ समुद्रातल्या केबल तुटल्या, तेव्हा भारतातून युरोपकडे जाणारा वेग जाणवण्याइतका घसरला. अशा वेळी वॉलपेपर बंद करायचा, रंग कमी करायचे, खिडकी लहान ठेवायची आणि नुसतं माउस हलवत बसण्यापेक्षा कीबोर्ड वापरायचा. कॉपी-पेस्ट अडलं तर टास्क मॅनेजरमधून आरडीपीक्लिप बंद करून पुन्हा सुरू करायचं. बहुतेकदा तेवढ्यावर भागतं.

सगळं चालू झालं तरी दुरुस्तीवाल्याने फोन ठेवला नव्हता. पावसाळा तोंडावर होता आणि वीज जाणारच होती. संगणकाच्या बायॉसमध्ये एक ओळ असते: वीज जाऊन आली की यंत्राने बंद राहायचं की आपणहून सुरू व्हायचं. ती त्याने खालच्या मजल्यावरच्या मुलाकडून बदलून घेतली. पण सुरू होणंही पुरेसं नाही. काही साधनं कुणी लॉग-इन केल्याशिवाय जागीच होत नाहीत, आणि मग यंत्र चालू असूनही दुरून सापडत नाही. हे कागदावर कळत नाही, करूनच बघावं लागतं.

“काकू, आता भिंतीवरचं बटण बंद करा. दहापर्यंत मोजा आणि चालू करा.”

“चालू कॉम्प्युटरचं? काका सांगून गेलेत, त्या बटणाला हात लावायचा नाही.”

म्युनिकहून त्याच कॉलवर असलेल्या काकांनी परवानगी दिली, जरा कुरकुरत. काकूंनी मोठ्याने दहा मोजले आणि बटण दाबलं. मिनिटाभराने काकांच्या स्क्रीनवर सांगलीचा संगणक परत आला, सेव्ह न केलेलं हिशेबाचं पान सोडून.